पहिल्या पसंतीचा मान

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
१३ जुलै २०२५

ती. सौ. आशाताईस,
उर्मिलाचा सा. न. वि. वि.

फोन हाताशी असताना पत्र कशाला, म्हणशील. आमच्याकडे फोनवर खाजगी बोलायची सोय राहिलेली नाही. कुणाचाही फोन आला की हे तो स्पीकरवर टाकतात आणि सगळ्या घरातर्फे बोलतात. व्हॉट्सॲप रुचिताच्या ताब्यात. माझं हाताने लिहिलेलं मराठी तेवढं या घरात कुणी वाचत नाही. लेक म्हणते, मम्मी, तुझं अक्षर म्हणजे ईसीजी आहे. तेव्हा आतल्या गोष्टींना हा कागदच बरा. देवरुखची खाजगी बस संध्याकाळी गोडदेव नाक्यावरून सुटते, ड्रायव्हर दिपेश आपल्याच वाडीतला. सकाळी पत्र तुझ्या हातात पडेल.

रुचिताला सीईटीत एक्क्याण्णव पर्सेंटाईल मिळाले ते तुला कळलंच आहे. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, हे समोरच्या शहाबेनना चारदा समजावलं. शेवटी त्यांनी हळू आवाजात विचारलं की भाभी, असली मार्क्स कितने आए, हमसे क्या छुपाना.

आता इंजिनिअरिंगच्या कॉलेजांची यादी भरायची आहे. आपण आवडीच्या क्रमाने नावं लिहायची, मग कॉम्प्युटर मार्क बघून ज्याला जे झेपेल ते देतो. यांच्या मनात हायवेवरचं ते काचेच्या इमारतीचं खाजगी कॉलेज आहे. शाखा आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स. नाव घेताना मध्ये श्वास घ्यावा लागतो. रुचिताला हवंय सिव्हिल, तेही कऱ्हाडच्या सरकारी कॉलेजात. मागच्या वर्षी आमच्या बिल्डिंगचं ऑडिट करायला एक मॅडम हातोडी घेऊन आल्या होत्या, खांबांवर ठोकून आवाज ऐकत होत्या. ही दिवसभर त्यांच्या मागे. त्या रात्री जेवताना म्हणाली, मम्मी, आपल्या जिन्याचा तिसरा खांब आतून पोकळ वाजतो, मला हे शिकायचंय. तेव्हापासून मी त्या जिन्यावरून जाताना कठड्याला धरून चालते.

सिल्व्हर पार्कच्या ॲडमिशन कन्सल्टंटलाही दाखवून आलो. सिव्हिल म्हटल्यावर त्याने रुचिताकडे असं पाहिलं की हिला किती दिवसांपासून होतंय हे.

बाप-लेक भांडत नाहीत, हाच घोर. भांडले असते तर एकदाचं फुटलं असतं. दोघंही माझ्यामार्फत बोलतात आणि मी मधल्यामध्ये सुकत चाललेय. कऱ्हाड म्हणजे होस्टेल. मी काही म्हणत नाही. काल सहज तिचं कपाट आवरायला घेतलं आणि अर्ध्यावरच सोडून दिलं, इतकंच.

तुझ्या निकेतच्या वेळी तू हे सगळं केलेलं आहेस. काय करू ते कळव. भाओजींना नमस्कार. तुझा लोभ माझ्या वाट्याला थोडा जास्तच यावा, सध्या गरज आहे.

तुझी,
उर्मिला

---

देवरुख
१७ जुलै २०२५

चि. सौ. उर्मिलास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दिपेशने ते आमसुलाच्या बरणीसारखं दोन्ही हातांनी दिलं, वर विचारलं की वहिनी, कुणी गेलं का. हल्ली पत्र म्हटलं की लोकांना तेवढंच सुचतं.

तू उगाच घाबरतेस. निकेतच्या वेळी मी हे सगळं पाहिलंय. यादीत पहिलं टाकलं होतं माटुंग्याचं मोठं कॉलेज, मिळालं सातवं. पहिला क्रमांक कुणालाच मिळत नसतो, तो मानाचा असतो. लग्नाच्या पत्रिकेत वर कुलदैवताचं नाव घालतो, म्हणून देव काय पंगतीला बसतो? तसंच हे. पहिल्या जागी उत्तमरावांचं काचेचं कॉलेज घाल. दुसऱ्या जागी कऱ्हाड. त्यांना आपला शब्द सगळ्यात वर दिसेल, पोरीला दुसरं मिळेल, आणि कॉम्प्युटरने दिलं म्हटल्यावर कुणी कुणावर रुसायचा प्रश्न नाही.

उत्तमरावांचं मला ठाऊक आहे. ते रागावत नाहीत, गप्प होतात. रागावणाऱ्या माणसाची समजूत काढता येते, गप्प होणाऱ्याला आधीच मान देऊन ठेवावा. तुझ्या लग्नात त्यांच्या मामांना आहेराला बोलवायला उशीर झाला, तर ते बोहल्यावरून सत्यनारायणापर्यंत एक शब्द बोलले नव्हते. आठवतंय ना.

रुचिताला सांग, मावशी इथे बसून सगळं बघतेय. आणि कपाट पुरं आवर. अर्धवट उघडं ठेवलंस तर झुरळं होतात.

माझे आशीर्वाद आहेतच. वेळेवर जेवत राहिलीस तर ते लागूही पडतील.

तुझी ताई,
आशा

---

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
२७ जुलै २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. पहिलं हायवेवरचं, दुसरं कऱ्हाड, खाली आणखी दहाबारा नावं. रुचिता तयार नव्हती. मावशीचं हे लॉजिक त्या सॉफ्टवेअरला माहितीये का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, पप्पांचा मान राहू दे, एवढं एक कर. ती म्हणाली, तुला हेच हवंय ना, ठीक आहे. मला नव्हे, पप्पांना, असं मी म्हणेपर्यंत तिने बटण दाबलं होतं.

ओटीपी यांच्या मोबाईलवर आला. यांनी तो देवळात श्लोक म्हणावा तसा एकेक आकडा तोडून वाचला. मग स्क्रीनवर यादी पाहिली. पहिलं नाव वाचून नुसतं बरं म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. चेहरा जरा वेगळाच वाटला. समाधान असावं.

यादी आता पक्की झाली, बदलता येत नाही. गुरुवारी निकाल लागेल. मला अन्न जात नाही. कुकरच्या शिट्या मोजताना कॉलेजांची नावंच मोजते. शहाबेनच्या नीरजनेही भरलंय, पण त्या शांत आहेत. त्यांनी म्हणे सगळं कन्सल्टंटवर सोडलंय. आम्ही तुझ्यावर सोडलंय, म्हणजे मीही शांत असायला हवं. तसं होत नाही.

तुझा लोभ आहे म्हणून धीर आहे, दोन्ही कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
उर्मिला

---

देवरुख
२९ जुलै २०२५

चि. उर्मिलास,
आशीर्वाद. घाईत लिहितेय.

काल निकेत पुण्याहून आला. मोठ्या तोऱ्यात त्याला तुमच्या यादीचं सांगितलं, तर तो ताटावरून उठलाच. म्हणाला, आई, पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांमधून नाव बाद. दुसऱ्या क्रमांकाकडे कुणी बघतसुद्धा नाही. मी म्हटलं, पण पहिलं मिळतं कुणाला? तो म्हणाला, मला माटुंगा मिळण्यासारखं नव्हतंच म्हणून मिळालं नाही. रुचिताला तिथे एक्क्याण्णववर हार घालून आत घेतील.

लगेच तुला फोन लावला. उत्तमरावांनी उचलला आणि टाकला स्पीकरवर. आता मी काय बोलणार? इकडे भात लावून झाला म्हटलं, तिकडे पाणी येतं का विचारलं. शेवटी न राहवून उर्मिलाला म्हणावं माझं पत्र लगेच वाच, असं म्हटलं, तर त्यांनी विचारलं कसलं पत्र. मी म्हटलं, सोलकढीची कृती. तुला सोलकढी शिकवतेय मी, तेवीस वर्षांनी.

आता एकच आधार, की पोरीचे मार्क तिथे कमी पडावेत. भाचीला कमी मार्क ठरावेत म्हणून देवापुढे निरांजन लावणारी मावशी तू पाहिली नसशील, ती मी आहे. चूक माझी. रुचिताला आत्ताच काही सांगू नकोस.

उत्तर धाड. माझ्यावरचा लोभ या आठवड्यात तपासू नकोस.

आशा

---

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
१ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि कॉम्प्युटरचा निकाल एकाच दिवशी आले. हायवेवरचं मिळालं. हार घालून.

यांनी येताना पेढे आणले आणि सगळ्या विंगमध्ये वाटले. शहाबेनने तोंडभर बधाई दिली. यांनी स्वतः पेढा खाल्ला नाही, ॲसिडिटी आहे म्हणाले. रुचिता सगळ्यांना थँक्यू अंकल, थँक्यू आंटी करत होती. मग गच्चीवर जाते म्हणून गेली ती दिवेलागणीला खाली आली. मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर मी तुझं नाव सांगून मोकळी झाले असते.

सोमवारी संध्याकाळपर्यंत फी भरून जागा घ्यायची. नाही घेतली तर बाकीच्या फेऱ्यांमधून आपण बाद. मग सगळं संपल्यावर ज्या कॉलेजात जागा रिकाम्या राहतील तिथे स्वतः जाऊन उभं राहायचं, उरलं तर मिळेल, नाही तर वर्ष गेलं. रुचिता काल झोपताना मला म्हणाली की ती जागा घेणार नाही, रिकाम्या जागेची वाट बघेल. पप्पांना तू सांग, म्हणाली. मी काय सांगू? की अहो, तुमचा पहिला क्रमांक नुसता मानाचा होता, तो चुकून खरा झाला? सगळ्या बिल्डिंगच्या पोटात ते पेढे गेलेत.

ताई, तूच सांग यांना. तू मोठी आहेस, तुझ्यापुढे ते गप्प बसणार नाहीत. मी घरात नसताना फोन कर. शनिवारी सकाळी मी भाजीला जाते.

माझी मोठी बहीण आहेस, हे सिद्ध करायला याहून बरी वेळ येणार नाही.

उर्मिला

---

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
३ ऑगस्ट २०२५

ती. सौ. आशाताईंना,
उत्तमचा कृ. सा. न. वि. वि.

मला पत्रं लिहायची सवय नाही. ऑफिसात लिहितो ती औषधांच्या परत आलेल्या मालाबद्दल असतात. चूकभूल माफ करावी.

काल सकाळी आपला फोन आला तो मी नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला. पाऊस जास्त म्हणून उर्मिला भाजीला गेली नव्हती. तेव्हा आपण जे सांगितलंत ते आम्ही तिघांनीही ऐकलं. पत्रिकेतल्या कुलदैवतापर्यंत सगळं. जे मला तेव्हा फोनवर बोलता आलं नाही ते आपल्याला कळवणं माझं काम आहे, म्हणून लिहितो.

मला ते कॉलेज आवडत नाही. रोज येता-जाता बघतो. दुपारी त्या काचा डोळ्यांवर येतात. ती शाखा काय असते ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पण मे महिन्यापासून कऱ्हाडचं नाव निघालं की उर्मिला स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते. भांडी नसली तरी सोडते. ती स्वतः कधी म्हणणार नाही की मुलगी लांब नको. म्हणून जवळचं नाव मी काढलं. वाईटपणा माझ्याकडे आला तर मला चालतो. यादीत ते पहिलं दिसलं तेव्हा मला वाटलं, पोरीने आईसाठी मन मारलं. वाईट वाटलं. पण त्या दोघींचं ठरलंय तर मी कोण बोलणारा, म्हणून बरं म्हटलं.

हे मी काल दोघींना सांगितलं. रुचिता आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तिथे कुणालाच जायचं नव्हतं?"

ताई, एवढी वर्षं आम्ही एकमेकांना सांभाळून घेतोय असं समजत होतो.

मग मी उर्मिलाला सरळ विचारलं, तुला रुचिता इथे हवी आहे का. ती म्हणाली, हवी आहे, पण पाठवू या. रुचिताला विचारलं, वर्ष जाऊ शकतं, तयारी आहे का. ती हो म्हणाली. तेव्हा उद्या आम्ही फी भरणार नाही. हातातली जागा सोडतोय. मला रात्री झोप लागली नाही, पण हा निर्णय निदान कुणाच्या तरी पसंतीचा आहे.

आपण मनाला लावून घेऊ नये. सल्ला आपला होता, पण विचारायचं आमचं राहून गेलं. माझ्याकडून आपला मान पूर्वीसारखाच आहे. खरा.

आपला,
उत्तम

---

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
१४ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गणपतीत दीड दिवस भेटलो, पण भरल्या घरात बोलता कुठे येतं. हे सहा आठवडे कसे काढले ते आता सांगते.

दुसरी फेरी झाली, तिसरी झाली, चौथी झाली. प्रत्येक फेरीला कुणाचे तरी पेढे दारात. नीरजला वसईकडचं मिळालं. शहाबेन विचारायच्या, रुचिता का कॉलेज कब शुरू? मी म्हणायचे, मिला था, छोड दिया. त्या असा चेहरा करायच्या की आमच्यात कुणी गेलंय. एकदा रात्री मला वाटलं, आपण तिघांनी मिळून पोरीचं वाटोळं केलं. हे जागेच होते. म्हणाले, मलाही तेच वाटतंय. बरं वाटलं गं, सोबत घाबरायला.

घरात आता विचारायची साथ आली आहे. भाजी कुठली हवी ते हे मला विचारतात. मी काहीही चालेल म्हटलं की म्हणतात, असं नको, खरं सांग. कार्ल्यापायी पाव तास जातो.

शुक्रवारी कऱ्हाडला रिकाम्या जागांची फेरी होती. हे रजा टाकून रुचिताला घेऊन गुरुवारीच गेले. मी इथे एकटी. दुपारी यांचा फोन आला. सिव्हिलला दोन जागा उरल्या होत्या, पुढचा मुलगा एक घेऊन गेला, दुसरीवर हिचं नाव पुकारलं. समोर कागद ठेवलाय, पेन हातात आहे, आणि ही सही करेना. मम्मीशी बोलल्याशिवाय नाही, म्हणाली. मागून कुणीतरी लवकर करा म्हणून ओरडत होतं.

हिने विचारलं, "मम्मी, मी इथे राहू की परत येऊ? खरं सांग."

ताई, आम्ही शपथा घेतल्यासारखं ठरवलं होतं की यापुढे घरात सरळ विचारायचं आणि सरळ सांगायचं. पोरीने सरळ विचारलं. मी ओट्याला टेकून उभी होते. मी म्हटलं, "तू नसलीस की घर किती शांत असतं ते कालपासून कळतंय. मला सवय झाली. कर सही."

पलीकडे ती हसली. खोटं बोलतेस, म्हणाली, आणि सही केली.

तिला होस्टेलवर सोडून आज रात्री हे एकटे परत येतील. तुझा लोभ असाच असू दे, आणि जमलं तर चार दिवस येऊन राहा. हे मी सरळच विचारतेय.

तुझी,
उर्मिला