सात पायांचा नर

१४ सप्टेंबर

आज एकशे चाळीस दगड उलटे केले. मोजले, कारण दुसरं काही करायला नव्हतं. एकाखाली कोळी निघाला. बाईंनी भिंग लावलं आणि म्हणाल्या, "मादीच." बस. परत दगड.

बाई कोळ्यांच्या डॉक्टर आहेत. म्हणजे औषध देणाऱ्या नव्हे, अभ्यासवाल्या. गेल्या वर्षी इथे, झाडं संपतात त्याच्याही वर, त्यांना एक कोळी मिळाला. नखाएवढा. जगातल्या कुठल्याच पुस्तकात तो नाही म्हणे. आता त्याचं वर्णन लिहून छापलं की झालं, कायमचा नोंदला गेला. पण मिळतात त्या सगळ्या माद्या. आणि ही मादी खालच्या डोंगरातल्या एका जुन्या जातीसारखी दिसते. दोघींचे नर शेजारी ठेवले तरच फरक कळतो. बाईंचे म्हातारे सर फोनवर सांगतात, नराशिवाय छापू नकोस, तोंडावर पडशील.

बाईंचा गुडघा कामातून गेलाय. म्हणून मी. स्टोव्ह, पाणी, जनरेटर आणि दगड. पाचवी नोकरी.

१५ सप्टेंबर

बोलणी खाल्ली. दगड उचलला की होता तसा परत ठेवायचा असतो. "कुणाचं तरी छप्पर आहे रे ते," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण लागलं. दुपारी जाऊन कालचे जमतील तेवढे सरळ केले. सगळे नाही आठवले.

१७ सप्टेंबर

पाण्याच्या टाकीमागे एका पायावर उभं राहिलं की फोन लागतो. हिच्याशी बोललो. पाच ऑक्टोबर तारीख दिलीय डॉक्टरांनी. म्हटलं, अठ्ठावीसला गाडी येतेय सामान घेऊन, तिनेच उतरतो. आधी पोचतो.

"आणि तिथलं काम?"

"तोवर होईल."

"बेकरी झाली, गॅरेज झालं, फरश्या झाल्या, वॉचमन झालात. कुठे वर्ष काढलंत? लग्नाच्या दिवशीसुद्धा फोटो निघायच्या आधी चहाला गेला होतात."

आता ते मी विसरलो होतो, ही विसरत नाही. मग हसली. हसली की पोटात लाथ मारतंय म्हणाली. मी फोन कानाला घट्ट दाबला. जसं काही ऐकूच येणार होतं!

१९ सप्टेंबर

वारा एवढा की बाहेर पडता येईना. बाई आत वर्णन लिहायला बसल्या. त्या सूक्ष्मदर्शकातून बघून आकडे सांगतात, मी कागदावर मांडतो. पहिल्या पायाची मांडी इतकी, गुडघा इतका, नडगी इतकी. आठ पाय. एवढ्याशा जिवाचं माप घेताना मला वाटलं आपण शिंप्याकडे कामाला लागलो.

विचारलं, एवढं कशाला? फोटो काढा ना.

म्हणाल्या, "ज्याने कधी पाहिला नाही, त्याला नुसतं वाचून ओळखता आला पाहिजे. शंभर वर्षांनीसुद्धा."

मग रंगावर अडल्या. स्पिरिटमध्ये टाकला की रंग उडतो. बाटलीतला पिवळट, सगळेच पिवळट. जिवंत मी पाहिलेत. त्यांनी विचारलं, "कसा असतो रे? तपकिरी?" म्हटलं, नाही बाई. पाठ जास्त भाजलेल्या विटेसारखी. पाय ओल्या सिमेंटच्या रंगाचे, आणि सांध्यांना फिकट कडा, दोन फरश्यांमध्ये पांढरं सिमेंट भरतो तशी. चार महिने फरश्या बसवल्यात, रंग सांगता येतात.

त्यांनी लिहून घेतलं. मी सातवी नापास. माझं बोलणं छापणार म्हणे, सुधारून.

२१ सप्टेंबर

उतारावर एका चपट्या दगडाखाली मादी होती, पांढऱ्या पुरचुंडीवर बसलेली. अंडी. दगड उचलला तरी हलली नाही. एरवी वाऱ्यासारख्या पळतात. हिने नुसते पुढचे दोन पाय वर केले — ये बघू, म्हणून. पोट अगदी आत गेलेलं. बाई म्हणतात, अंड्यांवर बसली की खात नाही.

मी बाटली काढली आणि परत खिशात ठेवली. आल्यावर खरं सांगितलं. वाटलं ओरडतील. तर म्हणाल्या, "माझ्याकडे माद्या पुष्कळ आहेत. दगड नीट ठेवलास ना?"

फार हळू ठेवला.

२२ सप्टेंबर

बढती! आजपासून बाटलीतल्या चिठ्ठ्या मी लिहायच्या. जागा, उंची, तारीख, कुणी पकडला. चिठ्ठी बाटलीच्या आत, स्पिरिटमध्येच, कोळ्याच्या सोबत राहते. बाहेर चिकटवली तर निघून पडते. बाईंनी बोटाएवढी झिजलेली पेन्सिल दिली.

पेन्सिल! एवढं मोठं काम आणि पहिलीच्या पोरासारखं पेन्सिलीने? गाडीच्या ड्रायव्हरचं निळं पेन इथेच राहिलंय, चांगलं चालतं. त्याने लिहिल्या. अक्षर बरं आलं.

२४ सप्टेंबर

सापडला!!

नर. शंभर टक्के नर. तोंडापाशी दोन मुठी, हातमोजे घातल्यासारख्या. बाईंनी सांगून ठेवलं होतं, मुठी दिसल्या की नर. संध्याकाळी बशीत घालून दाखवला तर बाई गुडघा विसरून उभ्या राहिल्या. परत खाली बसल्या. मग म्हणाल्या, "चहा टाक. साखर जास्त."

आज एकूण नऊ बाटल्या. सगळ्यांना चिठ्ठ्या टाकल्या. चार दिवसांनी घरी. काम पण झालं. हिला आता बोलायला जागा नाही.

२६ सप्टेंबर

बाटल्यांमधलं स्पिरिट निळं झालंय. चिठ्ठ्या कोऱ्या.

पेनची शाई स्पिरिटमध्ये धुऊन जाते. पेन्सिल जात नाही. म्हणून पेन्सिल.

"कुठला हा?" बाईंनी नराची बाटली धरून विचारलं. म्हटलं, ओढ्याकडचा. मग वाटलं, की कड्याखालचा? त्या दिवशी दोन्हीकडे गेलो होतो. एकीकडे आपली नवी जात राहते, दुसरीकडे खालची जुनीसुद्धा वर चढून येते म्हणतात. या वहीतही बघितलं. चोवीस तारखेला मी नुसता आनंद लिहिलाय, जागा नाही.

"छातीवर हात ठेवून सांगतोस?" नाही सांगू शकलो.

बाई म्हणाल्या, "चूक माझी. पेन्सिल का, ते मी तुला सांगितलं नाही." त्यापेक्षा कानाखाली दिली असती तर बरं वाटलं असतं. कुठला हे माहीत नसलेला कोळी म्हणजे नुसता मेलेला कोळी. माझ्यामुळे मेला, आणि फुकट.

परवा गाडी येतेय.

२७ सप्टेंबर

पिशवी भरली. बाईंना सांगितलेलं नाही. बेकरी अशीच सोडली होती, गॅरेजही. पिशवी उचलायची आणि सटकायचं, तोंड दाखवायला नको.

हिला फोन केला, येतोय म्हणून सांगायला. सासूबाईंनी घेतला. झोपलीय म्हणाल्या. दुपारी? मग ही आली. आवाज बसलेला. सर्दी, म्हणाली.

"उद्या निघतो."

"काम झालं?"

"झालं."

"झालं असतं तर अर्धा तास फुशारकी मारली असतीत. काय झालंय?"

सांगितलं सगळं. शाई, चिठ्ठ्या, बाईंचं ते 'चूक माझी'.

"पुढची गाडी कधी?"

"आठला. शेवटची. मग बर्फ पडतं, रस्ता बंद."

"मग आठला या. डॉक्टर म्हणाले, तारीख पुढे गेलीय. बारा-तेरा होईल. घाई नाही काही."

"अगं पण—"

"मला इथे आई आहे, मावशी आहे. त्या बाईंना तिथे कोण आहे?"

२८ सप्टेंबर

गाडी गेली. ड्रायव्हर म्हणाला, "काय रे भिंगरी, पाय बांधले की काय कुणी?" त्याचं पेन परत दिलं.

दारात ठेवलेली माझी भरलेली पिशवी बाईंनी बघितली. ताटलीत बटाटा एक जास्त वाढला.

१ ऑक्टोबर

दगड उलटून नर मिळत नाही, हे आता कळलं. या दिवसांत तो एका जागी नसतोच, माद्या शोधत फिरतो. म्हणजे त्याच्या मागे धावून उपयोग नाही. मादीच्या दाराशी बसायचं.

कड्याखाली मुळीच नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला. तिथे फक्त आपलीच जात.

३ ऑक्टोबर

एका दगडासमोर चार तास. बूड गारठलं. मी आयुष्यात कधी चार तास बसलेलो नाही, सिनेमातसुद्धा.

४ ऑक्टोबर

आजही बसलो. घरचे विचार येतात. मी तिथे नसताना हिचं दुखायला लागलं तर? तारीख पुढे गेलीय म्हणाली, पण पोरं काय कॅलेंडर बघून येतात?

५ ऑक्टोबर

ऊन वर आल्यावर आला. मातीवरून थांबत थांबत. मुठी लांबूनच दिसल्या. दगडाच्या कडेला तिचं जाळं आहे, तिथे उभा राहून पुढच्या पायाने हळूच टकटक केली. थांबला. परत टकटक. आतून काही नाही. परत. इतका अदबीने की मला माझीच लाज वाटली.

बाटली माझ्या हातात होती. एक वीत अंतर. उचलला असता तर काम तिथेच संपलं असतं. आत गेला तर बाहेर येईलच असं नाही. बाईंनी सांगितलंय, कधीकधी मादी खाऊन टाकते. आणि तीन दिवसांनी शेवटची गाडी.

तो आत गेला. मी जाऊ दिला.

पाऊण तास. काय काय डोक्यात येऊन गेलं ते लिहीत नाही.

आला बाहेर. लंगडत. डावा तिसरा पाय गायब. तेव्हा उचलला. चिठ्ठी तिथेच मांडीवर ठेवून लिहिली, पेन्सिलीने, गिरवून.

बाईंना वेळ का लागला ते सांगावं लागलं. "तो आत होता," म्हटलं. बाईंना आधी कळलं नाही. मग चष्मा काढून इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

६ ऑक्टोबर

नवाच आहे. दोन्ही मुठींचे आकडे खालच्या जातीहून वेगळे. टोकाला एक वळलेला काटा आहे, तो दुसऱ्या कुणाला नाही. म्हातारे सर फोनवर एवढंच म्हणाले, "छाप."

वर्णनात एक ओळ आली: डावा तिसरा पाय नाही. बाई म्हणाल्या, जसा आहे तसा लिहायचा, झाकायचं काही नाही.

८ ऑक्टोबर

पहिल्यांदा एखाद्या जागेवरून सांगून निघालो. बाई दारापर्यंत आल्या. "घरी गेल्यावर झोपू दे तिला. तू जाग," म्हणाल्या.

१० ऑक्टोबर

सतरा दिवसांची आहे.

तेवीस सप्टेंबरला झाली, बारा दिवस आधीच. मुलगी. ही म्हणाली, "सांगितलं असतं तर तसेच पळत सुटला असतात. मला हिच्या बापाचं एक तरी पुरं झालेलं काम हवं होतं."

रागवायला तोंड उघडलं. तेवढ्यात पोरीने माझं बोट धरलं. उजव्या हाताचं. अजून सोडलेलं नाही, म्हणून हे डाव्या हाताने लिहितोय.