लाल तपस आणि एक सही

८ जून, रविवार
दिसली! लाल तपस! देवास रोडच्या तळ्यात, गवताच्या कडेला, तांबडी पाठ माझ्याकडे करून स्तब्ध उभी. आमच्या पक्षिमित्र मंडळात हा पक्षी अजून कुणाच्याच नावावर नाही. वार्षिक पुस्तिकेत आता माझं नाव येणार — बँकेत जन्मभर सह्या केल्या, पण नाव कुठे छापून आलं नाही.

फक्त दुसऱ्या सभासदाने तो पक्षी पाहून सही करायला हवी. शेजारी आमच्या सचिव विनोदिनीताई होत्याच. बाकीचे इतक्या सकाळी उठत नाहीत. ताईंनी दुर्बीण लावून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "मला काही दिसलं नाही, भाऊ. सही कशी करू?"

एवढा ढळढळीत पक्षी समोर!

९ जून
दोघांच्या साक्षीचा नियम मीच आणला होता, अशी आठवण देवश्रीने चहाबरोबर करून दिली. बायकोला हे बरं आठवतं.

२२ जून, रविवार
पुन्हा तळं. पुन्हा तपस. पुन्हा "काही दिसलं नाही".

दुपारी फ्रीगंजला श्रीनाथकडे मासिक बैठक. तो आमचा अध्यक्ष. मी उभा राहून विचारलं — सचिवांना पक्षीच दिसत नाहीत, की फक्त माझा दिसत नाही? ताई थंडपणे म्हणाल्या, "न बघितलेलं बघितलं म्हणायला मी काय नेता आहे?" सगळे हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात!

आमच्यात एक रीत आहे. बैठकीत जे भांडतील, त्यांनी उठण्याआधी एकमेकांची एक खरी चांगली गोष्ट सांगायची. त्याशिवाय श्रीनाथ कचोरीच्या डब्याचं झाकण काढत नाही. मी म्हणालो, ताईंचं अक्षर हल्ली छान मोठं झालंय, पहिलीतल्या मुलालाही वाचता येईल. त्या म्हणाल्या, "शैलेंद्रभाऊंची नजर एकदम बढिया आहे."

टोमणा! तोही तोंडावर! कचोरी खाल्ली, पण गोड लागली नाही.

२३ जून
राग आहेच.

१३ जुलै, रविवार
टावर चौकात ताई दिसल्या. मी तोंड फिरवणारच होतो. पण त्या ई-रिक्षावाल्याला विचारत होत्या, "भैया, माधव नगर जाएगी?" रिक्षाच्या कपाळावर हे हातभर अक्षरांत लिहिलेलं! मी अगदी पुढ्यात उभा, तरी ओळख नाही. बोललो तेव्हा आवाजावरून ओळखलं.

घरापर्यंत सोडलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. "कुणाला बोलू नका, भाऊ. न दिसणारी सचिव कोण ठेवेल? पण खोटी सही नाही केली मी."

म्हणजे खरंच दिसलं नव्हतं. आणि माझ्या नजरेची ती तारीफही खरीच होती. मी मात्र अक्षरावरून बोलून बसलो. फार लाज वाटली.

२० जुलै
उद्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. डबा देवश्री नेणार, डोळ्यांत थेंब घालायची आठवण मी करणार. ताईंना म्हटलं, तपस राहू द्या आता. "राहू का द्या? पट्टी निघाली की आधी तीच बघणार!"

१७ ऑगस्ट, रविवार
तळ्यावर ताईंनी दुर्बीण लावली. नेमका तेव्हाच पक्षी उडाला — पांढरेशुभ्र पंख पसरून.

"ढोकरी आहे, भाऊ, साधा बगळा. तपसचे पंख पांढरे नसतात. पावसाळ्यात तिची पाठ अशी तांबडी होते."

ढोकरी! दर डबक्याला एक असतेच ती! मी अर्थातच भांडलो, दुपारी बैठकीतही भांडलो. शेवटी श्रीनाथ कचोरीच्या डब्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

म्हणालो, विनोदिनीताईंची नजर उत्तम आहे.