गुरुवारी मिळणार होतं ते

४ डिसेंबर, गुरुवार
बादशहाचाचांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात उशाशी बसून आलो. नाहीतर आज आमच्या बैठकीचा दिवस! शाहूपुरीतल्या त्यांच्या गादीच्या दुकानात, कापसाच्या ढिगाला टेकून आम्ही दोघंच. मिशा फुटल्यापासून जातोय मी.

माझी बायको मोना म्हणाली, वय झालंय त्यांचं, व्हायचंच. तिला काय सांगू? तिला वाटतं मी तिथं गप्पा हाणायला जातो.

५ डिसेंबर
सगळ्यांचाच राग येतोय. माझ्या दुकानात गिऱ्हाइकावर खेकसलो.

चाचा सांगायचे, पुस्तकातनं मिळतं ते इल्म, ते कुणालाबी मिळतंय. मारिफत वेगळी. मारिफत म्हणजे त्या वरच्याची सरळ ओळख. ती वाचून येत नाही. ज्याला मिळाली, तो ती एकाच माणसाच्या काळजात ठेवून जातो. "पन्हाळ्याचा नकाशा पाठ केलास म्हणून तिथलं वारं लागतंय व्हय, आकाराम?"

चाचांना त्यांच्या मुर्शिदानं, म्हणजे गुरूनं दिली असणार. माझी पाळी यायची होती. आणि नियम एकच — मागायचं नाही. मागितलं की तो माणूस कच्चा! म्हणून मी कधी तोंड उघडलं नाही. चहा प्यायचा, मान हलवायची, या गुरुवारी देतील, पुढच्या गुरुवारी देतील... आता काय देणार? माझ्याकडं काही म्हणजे काही नाही.

८ डिसेंबर
तसेच पडून. नळीतून दूध.

११ डिसेंबर, गुरुवार
नियम मोडला.

सुगराचाची डबा धुवायला गेली होती. कानाशी वाकलो. म्हणालो, "चाचा, द्या की आता. मी मागतोय."

माझ्याकडं बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं. डावा हात कसाबसा उचलून माझ्यापुढं धरला, तळवा वर करून. मी त्यात माझा हात दिला. तोंड उघडलं — नुसता घशातला आवाज! मी कान लावून बसलो, चाची येईपर्यंत.

देता येईना म्हणून रडले असणार. मी छळलं त्यांना. मरणाच्या दारातल्या माणसाला छळलं.

१४ डिसेंबर
पहाटे गेले. माती देऊन आलो. आता कुणाकडं जायचं? त्यांच्यामागं दुसरं कुणी नाही. संपलं सगळं.

१५ डिसेंबर
चाचांबरोबर माझं काय गेलं ते आज मोनाला सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "मग इतकी वर्षं तुम्ही दोघं तिथं करत काय होता?"

जेवण गेलं नाही. आयुष्य फुकट घालवलं, दुसरं काय!

१६ डिसेंबर
जियारतीला, तिसऱ्या दिवसाच्या दुआला गेलो. सुगराचाची इद्दतीत, नवऱ्यामागं पाळायच्या एकांतात, बाहेर येत नाही. दाराआडून बोलली.

"त्यांचा मुर्शिद त्यांस्नी काय न देताच गेला, आकाराम. पर तुला ते आपसूक गावलंय म्हणायचे. दर गुरुवारी दुकानातनं आले की मी इचारायची, आज तरी दिलं का त्यानं? तर म्हणायचे, न्हाय, दील पुढच्या गुरुवारी."