दोन लिटर यीस्ट

औरंगाबाद, ४ ऑगस्ट १९९७
चि. चंद्रहास यास अ. उ. आ.

तू जिची लॅब सांभाळायचास ती आपली बंद पडलेली बिअर फॅक्टरी नव्या मालकांनी घेतली. त्यांना जुनीच चव हवीय, म्हणजे जुनंच यीस्ट हवं. जुन्या यीस्टची ट्यूब माझा भाऊ शारजाला घेऊन गेलाय, असं मी सांगून टाकलं! म्हणाले, त्याने सुट्टीवर येऊन घरी वीस लिटर बिअर करून दाखवावी. जमली तर लॅब त्याची. दसऱ्याआधी ये. पाच वर्षं टाइल्सच्या गोदामात काढलीस, पुरे झालं.

तुझा दादा,
मुरलीधर

शारजा, २२ ऑगस्ट
ति. दादास सा. न. वि. वि.

फार आशा धरू नकोस. ट्यूबमधलं यीस्ट बहुतेक मेलेलंच. होतं नव्हतं ते खरवडून चमचाभर माल्टमध्ये घातलं. मागे काहीच उरलं नाही. चौथ्या दिवशी फेस आला आणि मी रडलो रे. इथलं बिनदारूचं माल्ट ड्रिंक उकळून, गार करून घालतो, थोडं थोडं वाढवतो. पाव लिटर झालंय, वीस लिटर बिअरला दोन लिटर तरी हवं. शारजात कडक दारूबंदी, हे कुणी पाहिलं तर खलास, म्हणून फ्लास्क डाळींच्या कपाटात. आमची लेक रुचा त्याला फंगस म्हणते आणि नाक मुरडते. कार्टी!

लोभ आहेच, आशीर्वादही असू दे.
चंद्रहास

शारजा, ९ सप्टेंबर
ति. दादांना कमलिनीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहितेय. यीस्ट दीड लिटरवर आलं आणि नासलं. दह्यासारखा वास येताच हे म्हणाले, पाच वर्षांत माझा हातच गेला, आता कुठल्या तोंडाने लॅब मागू?

दादा, हात नाही हो गेला. शेजारच्या रुकय्याभाभी नानचं पीठ फुगवायला खमीर मागायला आल्या. विरजण मागितलं तर आपण कधी नाही म्हणतो का? मी फ्लास्कमधून दोन चमचे काढून दिले. चमचा दह्यातला होता, नुसता पुसलेला. मेली माझी अक्कल! ह्यांना सांगायला तोंड उघडत नाही. काय करू?

आपली,
कमलिनी

औरंगाबाद, २४ सप्टेंबर
चि. सौ. कमलिनीस अ. आ.

आजच सांग. मालकांनी परदेशी यीस्टची पाकिटं मागवली, लॅबला दुसरा माणूस घेतला. नोकरी गेली ती गेली. पण हात गेलेला नाही, एवढं तरी त्याच्या पदरात पडू दे. रागावेल, रागावू दे.

तुम्हां तिघांचा,
मुरलीधर

शारजा, १२ ऑक्टोबर
ति. दादांना शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. चमचा, रुकय्याभाभी, सगळं. आता हे ओरडतील म्हणून मी बसून राहिले. ह्यांनी माझेच डोळे पुसले. म्हणाले, वेडे, माझी समजूत काढायला किती खोटं बोलशील? भाभींनाच विचारा म्हटलं, तर हसून म्हणाले, त्यांनाही पढवून ठेवलंस वाटतं!

आज ह्यांनी इथला व्हिसा आणखी तीन वर्षांसाठी रिन्यूला टाकला.

लोभ ठेवा, पण दादा, आधी माझ्यावर चांगले रागवा. इथे कुणी रागवतच नाही हो.

कमलिनी