गाठीवर चिकटवलेला डबा

बाबा, तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी अजून एका जागी टिकत नाही. आता पडघ्याला टपरीवर बसून लिहितोय. समोर एक क्लीनर ट्रक मागं घ्यायला इतका बोंबलतोय की दोनदा वाक्यच विसरलो. तर, मानकोलीच्या गोदामाचं सांगायचंय.

तिथं गरमी मोजणारे बिनतारी डबे लावायचं काम मिळालं होतं. साबणाच्या वडीएवढा डबा, प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाचा खांब ठरलेला. एक डबा शेजारच्याला सांगतो, तो पुढच्याला, असं करत बातमी ऑफिसातल्या कम्प्युटरवर. एक दिवस जेवणानंतर सतरा नंबर तापला. नकाशातला खांब गाठला तर तो थंडगार, डबा नाहीच. साहेब ओरडला, "अरे, एवढ्या गाठींत शोधायचं कुठं?" सगळ्या लूमच्या तेलकट चिंधीच्या गाठी, आतल्या आत तापून पेट घेणाऱ्या, आणि गोदामात बारा माणसं माल लावत होती. मला मात्र कळून चुकलं. डबे लावायच्या दिवशी शिडी आणायला म्हणून गेलो होतो, वाटेत दोन ड्रायव्हरांचं भांडण बघत राहिलो, आणि शेवटी सतरा नंबर खांबाऐवजी खालच्या गाठीवरच चिकटवून मोकळा झालो. ती गाठ कुणीतरी हलवली होती.

हातातल्या यंत्रावर डब्याचा सिग्नल वाढला की मी तिकडं धावायचो. तो पत्र्यावर आपटून चारी बाजूंनी यायचा. मग लहानपणीचा तू डोळ्यांसमोर आलास. तू लूम दुरुस्त करणारा जॉबर, कारखान्यात चाळीस लूम धडधडतायत, एकीचा ठोका बिघडलाय. मी आवाजामागं पळतोय आणि तू माझी कॉलर धरतोस. "मोठ्या आवाजाच्या मागं काय पलतोस? पत्रा खोटा बोलतो. तीन जागी उभा ऱ्हा, कुठं कमी व्हतो त्यो ऐक."

तीन जागी उभा राहिलो. प्रत्येक जागी मिनिटभर थांबून सिग्नलवरून डबा किती पावलांवर असेल याचा अंदाज बांधला, मालाच्या चलनाच्या कागदामागं प्रत्येक जागेभोवती तेवढा गोल काढला. तिन्ही गोल एकमेकांना मिळाले ते शटरजवळच्या तिसऱ्या रांगेत. हमालांच्या म्हाताऱ्या मुकादमानं मला ढकललं, "पोरा, मागं सर," आणि हूक घालून गाठ ओढली. फाडली तर आतून धूर. बादल्या ओतल्या, विझली.

साहेबानं माझी पाठ थोपटली. मग विचारलं, "गाठ कुणी हलवली?" मुकादम लगेच म्हणाला, "मी. सकालीच. डबा दिसला न्हाय मना. चूक माझी हाय." त्याला आठ दिवस घरी बसवलं. मी उभा होतो तिथंच, यंत्राची बटणं दाबत. डबा खांबावर असता तर तापलेली गाठ कळलीच नसती, असं मी स्वतःला सांगत असतो. पुढच्या आठवड्यात ते काम सोडलं. कशेळीला गेलो, तेही सोडलं.

तू असतास तर एवढं ऐकूनच कानाखाली वाजवली असतीस. पण अजून एक राहिलंय, ते साहेबालाच काय, कुणालाच सांगितलेलं नाही. तो सिग्नल शोधताना माझ्या डोक्यात आग नव्हती, ती बारा माणसंही नव्हती. कुणी बघायच्या आत डबा उपटून मला खांबावर लावायचा होता.