मार्गारेटबाईंच्या पणजोबांची काच

मी, शिरीष काशिनाथ टिकेकर, वय ७६, निवृत्त फार्मासिस्ट, राहणार पापाकुरा, ऑकलंड, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे; माझी स्वतःची तेवढी खात्री नाही. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर मुलगी कल्याणी हिला. व्यवस्थापकही तीच. गराजमधल्या डार्करूमचे काय करायचे ते तिने ठरवावे. "बाबा, तो वास जातच नाही," हे मी वीस वर्षे ऐकले आहे.

२. कॅमेरे व भिंगे जावई नितीश यांस. हात धुऊन वापरावीत.

३. ओटागोत सोने शोधायला माणसे लोटली, त्या काळातल्या दुकानांचे माझ्या संग्रहातले एकशे बारा फोटो: तंबूतली दुकाने, पुढे पिठाची पोती, फावडी, आणि मालक छाती काढून उभा. हे सर्व धाकटे बंधू चंद्रहास, पुणे, यांस. "लोकांच्या पणजोबांना घरात कशाला थारा देतोस?" असे ते चारचौघांत म्हणाले होते. आता त्यांनीच द्यावा.

४. शेजारच्या मार्गारेटबाईंनी २०१३ साली पणजोबांच्या दुकानाच्या फोटोची मूळ काच माझ्याकडे छापायला दिली. पणजोबांचा दुसरा फोटो नाही. काचेत काळ्याचे पांढरे दिसते, त्यामुळे चेहरा त्यांनी कधी नीट पाहिलेला नव्हता. मी छापण्याआधीच खंडेनवमी आली. माझी पत्नी आशालता हिने पूजेला कॅमेरा, इस्त्री, गाडीच्या किल्ल्या मांडल्या, तशी ती काचही मांडली. ओल्या फडक्याने पुसून वर हळदकुंकू वाहिले. काचेवरचा चित्राचा थर सुटला आणि दुकानाच्या दारात उभ्या पणजोबांचा चेहरा गेला.

"अहो, तुमच्या हत्यारांतच होती ना ती?" आशालता म्हणाली. होती. मीच ठेवली होती. आता आशालता हयात नाही, आणि चूक तिची की माझी, हे मला अजून ठरवता येत नाही.

मी घाबरून संग्रहातल्या भलत्याच दुकानदाराचा फोटो मोठा करून दिला. मार्गारेटबाईंनी चष्मा लावला. "शिरीष, हनुवटी बघ! आमच्या घराण्याचीच!" मलाही ती तशीच दिसू लागली. तेव्हापासून मी फसवले की सुख दिले, काही कळेनासे झाले आहे.

~~माझ्या पश्चात कल्याणीने मूळ काच मार्गारेटबाईंना द्यावी व खरे सांगावे.~~

५. वरील मजकूर लिहून झाल्यावर आज सकाळी वृद्धांच्या रेस्ट होममध्ये मार्गारेटबाईंना भेटून आलो. "मी गेले की पणजोबांना माझ्या शवपेटीत ठेवायचं, नर्सला सांगून ठेवलंय," म्हणाल्या. त्या नव्वदच्या. माझ्या पश्चात म्हणजे कधी? बाई परक्या माणसाला उराशी धरून मातीत जाणार. मला लाज वाटते. काय बोलायचे ते अजून सुचलेले नाही, पण काच गाडीत नेऊन ठेवली आहे.

सबब कलम ४ मधील शेवटचे वाक्य मी स्वतः खोडले आहे. खोडलेल्या जागी साक्षीदारांनीही सही करावी, आणि जरा घाई करावी. तिथे पाचनंतर भेटायला सोडत नाहीत.

सही: शि. का. टिकेकर

साक्षीदार:
१. बाळासाहेब निंबकर
२. विभावरी चारुदत्त आगटे

पापाकुरा, १४ मार्च २०१८, दुपारी चार वाजता