आईंचा ओटा आणि गल्लीचं गटार

९ फेब्रु., सोमवार
पुन्हा अंगणवाडीत गटाराचं पाणी. पाऊस नाही, काही नाही. बाई पोरांना घेऊन समाजमंदिरात बसल्या. आपला सफाईवाला बारकू लांब बांबू गटारात खुपसत होता. वर लोकांचे ओटे, खाली गटार. बांबू पोचेल तेवढंच साफ. नाहीतर आडवं पडून हात घालायचा. मी म्हटलं, अजून एक माणूस घेऊ. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, मॅडम, दहा घ्या, उपयोग नाही. ओटे काढा, नवं गटार बांधा. निधी आलाय, मार्चअखेर वापरला नाही तर परत जाईल.
पटलं. पण गल्लीचा सगळा उतार आमच्या दाराशी येतो, आणि तिथे ओटा आहे आमच्या सासूबाईंचा.

१३ फेब्रु., शुक्रवार
ग्रामसभा. गोडाऊनवाले एरवी टॅक्स कमी करा म्हणून येतात, आज एकही नाही. आले ते फक्त ओटेवाले. ठराव वाचला. नाना (ह्यांचे चुलतकाका, माझ्या आधीचे सरपंच) उभे राहिले. "सरपंचबाय, पयला तुज्या सासूचा ओटा तोर, मंग आमच्या दारान ये."
सगळे हसले. मीही हसले, करते काय. म्हटलं, बरं, आमचा पहिला. येताना बाइकवर हे म्हणाले, घरी तूच सांग. आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगायचं धाडस दोघांनाही नाही. गावची सरपंच म्हणे!

१४ फेब्रु.
नाही सांगितलं.
आई धवलारीण. लग्नात धवले गाणाऱ्या. त्यांच्याशिवाय आमच्याकडे कुणाला हळद लागत नाही. लग्नघरचे लोक नारळ, पानसुपारी घेऊन बोलवायला येतात ते ओट्यावर. घरात आई आमंत्रण घेतच नाहीत, सोफ्यावर तर नाहीच नाही. सोफ्यावर म्हणे सावकार बसतात. माझ्या लग्नाच्या वेळी माझी आई कशेळीहून आली होती, तीही तिथेच बसली. लाजून नारळ पदराखालीच धरून बसली होती, असं आई अजून चिडवतात.
शिवाय संध्याकाळची मासळी साफ करणं, येणाऱ्याजाणाऱ्याला हटकणं. मानकोलीला ट्रॅफिक आहे का ते मोबाइल बघायच्या आधी आईंना विचारावं. रिक्षातून उतरलेला प्रत्येक जण हजेरी देऊन पुढे जातो.
उद्या सांगते.

१७ फेब्रु., मंगळवार
सांगितलं. आई जवळा निवडत होत्या. मान वर केली नाही. गटार किती खोल होणार, विचारलं. मग, बारकूला हात घालायला लागेल का. म्हटलं, नाही, वरून झाकणं असतील, उचलली की साफ.
"मंग तोर. मना इच्यारतेस कनाला?"
एवढंच. त्यांच्या हाताला जवळा, माझ्या अंगावर पंचायत समितीच्या मीटिंगची साडी. तरी मिठी मारली. साडी ड्रायक्लीनला.

२० फेब्रु.
इंजिनिअर आला. कोवळा मुलगा, ट्रॅफिकमध्ये अडकून दुपारी पोचला. लाल रंगाची रेघ मारली ती ओट्याच्या बरोब्बर मधून. आईंनी त्याला ओट्यावर बसवून चहा पाजला, लग्न झालं का विचारलं. नाही झालं. अंजूरची एक मुलगी आईंच्या नजरेत आहे. बिचारा रेघ मारायला आला होता!
जेवताना मात्र आईंनी भाकरी अर्धी ठेवली.

२४ फेब्रु., मंगळवार
अख्खी गल्ली ऑफिसात. पुढे नाना. वाटलं, आता भांडण. तर म्हणतात, आमचे सगळे ओटे घ्या, वहिनीचा तेवढा ठेवा. नाना जमिनीकडे बघत होते. "माज्या तीनय पोरींचा धवला तिनीच गायला. तिला रस्त्याव बसवाची का?"
भाऊसाहेबांनी हळूच आठवण करून दिली, पाणी तुंबतं ते तिथेच. तो ओटा ठेवला तर बाकीचे तोडून उपयोग काय? मला रडूही येत होतं आणि रागही. ग्रामसभेत हीच माणसं माझी गंमत बघत होती. मी नाही म्हटलं. इतकी प्रेमाने केलेली मागणी फेटाळायची वेळ पहिल्यांदाच आली.
आईंना कळलं तशा त्या भडकल्या. "लोकांचं ओटं तोरून मी माज्या ओट्याव बसू? तोंड कसा दावू?" नानांशी बोलणं बंद. संध्याकाळपासून नाना दोनदा मासळी घेऊन आले, दोनदा परत गेले.

२६ फेब्रु., गुरुवार
सकाळीच जेसीबी आला. ओट्यावर गल्लीतल्या बायका. खेटून, जागा नाही एवढ्या. घोषणा नाहीत, काही नाही. शेजारच्या विमलकाकू मेथी निवडतायत. बारकू बांबू घेऊन मध्येच उभा. कुठल्या बाजूला जायचं ते त्याला कळेना. जेसीबीवाला म्हणतो, "मॅडम, मशीन का टाइम चालू है." भाऊसाहेबांनी विचारलं, पोलिसांना कळवायचं का, आणि विचारून स्वतःच ओशाळले.
आई रस्त्यावर उभ्या. उठा म्हणून सांगितलं, रागावल्या, शिव्या दिल्या. एकही बाई हलली नाही. शेवटी माझ्याजवळ आल्या, दंड धरला, हळूच म्हणाल्या, "जा, तू पन बस थोरा वेल त्यांच्यान. तू उठशील तवा त्या उठतील."
जाऊन बसले. काकूंनी सरकून जागा दिली, मेथीची अर्धी जुडी माझ्या हातात कोंबली. जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलंय. भाऊसाहेब घड्याळ बघतायत. आई समोर उभ्या आहेत, माझ्याकडे बघतायत.
मेथी निवडून झाली. पर्समधून वही काढलीय. बसूनच लिहितेय.